घरासाठीं ॲम्प्लिफायर निवडतांना

घरीं बसून चांगलें गाणें ऐकण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. ग्रामोफोनचा कर्णा गेला, व्हॉल्व्हचा रेडिओ गेला, कॅसेट आली आणि तीही गेली. आतां तळहातावरच्या फोनमधून हवें तें गाणें हव्या त्या वेळीं मिळूं लागलें आहे. परंतु गाणें मिळणें निराळें आणि तें नीट ऐकूं येणें निराळें. फोनमधून किंवा तबकडीवरून निघणारा विजेचा संदेश इतका दुबळा असतो कीं, त्याच्यानें मोठ्या लाउडस्पीकरचा पडदा हालत नाहीं. मधें कोणीं तरी बळ पुरवावें लागतें. हें बळ पुरविणारें यंत्र म्हणजे ॲम्प्लिफायर.

तें विकत घेण्याची वेळ आली म्हणजे भला सुशिक्षित गृहस्थही गोंधळून जातो. एक दुकानदार म्हणतो, "व्हॉल्व्हचाच घ्या, ती गोडी दुसऱ्या कशांत नाहीं." दुसरा म्हणतो, "क्लास ए सोडून बाकीचें सर्व व्यर्थ." तिसरा सांगतो, "तो काळ गेला. आतां क्लास डी." आणि तिघांचाही आंकडा शेवटीं आपल्या अंदाजाच्या बाहेरचाच असतो. मुलांच्या फिया आणि वडीलमंडळींचें औषधपाणी भागवून जें उरतें त्यांतून ही हौस पुरवावयाची असते. तेव्हां ती विचारानें पुरवावी हें बरें.

मी इंजिनियर नव्हे. मॅट्रिक होऊन शाळेंत शिरलों आणि निवृत्त होईपर्यंत गणित व शास्त्र शिकवीत राहिलों. परंतु माझी अशी खात्री आहे कीं, ॲम्प्लिफायरच्या पोटांतील रचना, ज्याला त्याचें सर्किट म्हणतात तें, समजण्यास पदवी लागत नाहीं. त्या सर्किटाला तीन प्रश्न विचारतां आले म्हणजे पुष्कळ झालें. ते तीन प्रश्न कोणते, आणि त्यांच्या उत्तरांवरून निवड कशी करावी, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम हें यंत्र करतें काय तें पाहूं. आपल्याला वाटतें कीं, दुबळा संदेश ताणून मोठा होतो. वस्तुतः तसें नाहीं. धरणाच्या पाटावर पाटकरी असतो. दार उचलणाऱ्या त्याच्या हातांत शेतें भिजविण्याचें सामर्थ्य नसतें. पण त्या हाताच्या हालचालीप्रमाणें धरणांतील पाणी कमीअधिक सुटतें आणि कोसभर शेतें भिजतात. येथेंही तसेंच आहे. घरांत येणाऱ्या २३० व्होल्टच्या विजेपासून यंत्राच्या पोटांत एक साठा केलेला असतो. गाण्याचा संदेश हा पाटकरी, आणि व्हॉल्व्ह किंवा ट्रॅन्झिस्टर हें त्याच्या हातांतलें दार. ली डी फॉरेस्ट यानें १९०६ सालीं व्हॉल्व्हमध्यें तिसरा भाग बसवून असें पहिलें दार तयार केलें. १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रॅन्झिस्टर निर्माण झाला. दार बदललें, काम तेंच राहिलें. हें दार हाताच्या हालचालीशीं किती इमान राखतें, हाच सगळा प्रश्न आहे.

आतां पहिला प्रश्न. ध्वनि म्हणजे हवेचें पुढें-मागें हेलकावणें. म्हणून लाउडस्पीकरचा पडदाही एकदां पुढें ढकलावा लागतो व एकदां मागें ओढावा लागतो. एकाच दारानें हीं दोन्ही कामें करावयाचीं तर तें दार नेहमीं अर्धें उघडें ठेवावें लागतें. आणखी उघडलें कीं पडदा पुढें, थोडें लावलें कीं मागें. गाणें चालू असो वा नसो, अर्धा पाट वाहतच राहतो. या पद्धतीला क्लास ए असें नांव आहे. आपल्याकडील जुन्या व्हॉल्व्ह रेडिओंत शेवटीं बहुधा असा एकच व्हॉल्व्ह असे. दार कधींच पुरतें बंद होत नसल्यामुळें अगदीं बारीक स्वरही या रचनेंतून विनाअडथळा जातो. परंतु घेतलेल्या विजेपैकीं फार तर निम्मी ध्वनीच्या कामीं येते, आणि तीसुद्धां यंत्र पुऱ्या जोरानें वाजत असतांना. हळू वाजतांना जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन खोलींत जाते. सतत १५० वॅट घेणारा क्लास ए ॲम्प्लिफायर रोज चार तास लावला तर महिन्याला १८ युनिटें होतात. मे महिन्यांत पंख्याखालीं बसून गाणें ऐकणाऱ्यानें हा हिशेब आधींच मांडलेला बरा.

ही उधळपट्टी टाळण्यासाठीं दोन दारें ठेवून काम वाटून देण्याची युक्ति निघाली. ती समजण्यास जातें डोळ्यांपुढें आणावें. दोघी बायका समोरासमोर बसून दळीत आहेत. अर्धा फेरा एकीनें ओढावयाचा, अर्धा दुसरीनें. दोघींपैकीं प्रत्येकीला निम्मी विश्रांति मिळते. पण पहिलीनें खुंटा सोडला आणि दुसरीनें तो अजून धरला नाहीं, असा एक क्षण मधें आला तर जात्याला हिसका बसतो. सर्किटांत हाच हिसका बसतो. सामान्य ट्रॅन्झिस्टरला सुमारें ०.६ व्होल्ट दाब मिळाल्याखेरीज तो कामाला लागतच नाहीं. तेव्हां एक ट्रॅन्झिस्टर थांबला आणि दुसरा सुरू व्हावयाचा आहे, या सांध्यावर स्वर तुटतो. नुसत्या आळीपाळीच्या या पद्धतीला क्लास बी म्हणतात.

या दोषाचा एक विशेष ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. मोठ्या आवाजांत हा सांधा लपून जातो, कारण लाट मोठी आणि खांच लहान. लहान आवाजांत लाटच खांचेएवढी होते. म्हणजे तबल्याची थाप उत्तम ऐकूं येईल, आणि तानपुऱ्याची तार छेडल्यावर विरत विरत जाणारा जो नाद, तोच नेमका खरखरीत होईल. १९६० नंतरच्या दशकांत पहिल्या ट्रॅन्झिस्टर ॲम्प्लिफायरांची जी बदनामी झाली तिचें एक मोठें कारण हा सांधाच होता.

यावरचा उपाय कोणतीही गृहिणी सांगेल. पहिलीनें खुंटा सोडण्यापूर्वीं दुसरीनें तो धरावा; क्षणभर दोघींचेही हात खुंट्यावर असावेत. सर्किटांत त्यासाठीं दोन्ही ट्रॅन्झिस्टरांतून गाणें नसतांनाही थोडासा प्रवाह वाहता ठेवतात. त्याला बायस म्हणतात. ही पद्धति क्लास एबी. घरगुती ॲम्प्लिफायरांपैकीं फार मोठा भाग आजवर याच जातीचा होत आला आहे. तेव्हां 'हा क्लास एबी आहे' एवढें ऐकून थांबूं नये. खुंट्याची देवघेव किती चोख आहे हें विचारावें. ट्रॅन्झिस्टर तापला कीं त्याच्यांतून अधिक प्रवाह जाऊं लागतो व बायस बिघडते. म्हणून चांगला कारागीर त्याच ॲल्युमिनियमच्या पंखांवर एक लहानसा पहारेकरी ट्रॅन्झिस्टर बसवितो. तो उष्णता पाहून बायस आवरतो. या यंत्राला श्वास घेण्यास जागा हवी. नागपूरच्या उन्हाळ्यांत कांचेच्या बंद कपाटांत ठेवलेला ॲम्प्लिफायर कितीही भारी असला तरी त्याचा बायस ठिकाणावर राहणार नाहीं.

येथें व्हॉल्व्हच्या गोडीचा उलगडा करून टाकतों. कोणतेंही दार हाताशीं शंभर टक्के इमान राखीत नाहीं, आणि जी चूक होते ती नव्या स्वरांच्या रूपानें प्रगट होते. संगीताच्या पुस्तकांत मध्य षड्जाची आंदोलनें २४० धरतात. एकच व्हॉल्व्ह असलेल्या क्लास ए रचनेंत मुख्यतः दुप्पट आंदोलनांचा स्वर मिसळतो. ४८० म्हणजे तार षड्ज. तो मूळ स्वराशीं इतका मिळून जातो कीं कानाला तो दोष वाटतच नाहीं, उलट आवाज भरल्यासारखा होतो. दोन दारांच्या रचनेंत दुपटीचा स्वर परस्पर खोडला जातो आणि तिपटीचा उरतो. ७२० म्हणजे तार पंचम. तोही आप्तच. पण जात्याच्या हिसक्यांतून पांचपट, सातपट, नऊपट असे वरचे स्वर निघतात. सातपट म्हणजे १६८०. हा स्वर धैवत आणि कोमल निषाद यांच्या मधें कोठें तरी पडतो आणि आपल्या सप्तकांत त्याला घर नाहीं. म्हणून दोषाची टक्केवारी किती, याइतकाच तो दोष कोणत्या जातीचा, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे.

तरी पण गोड दोष म्हणजे दोष नव्हे असें कोणीं समजूं नये. एकच स्वर असेपर्यंत तो गोड. तानपुऱ्याचा षड्ज चालू आहे, म्हणजे २४०, आणि गायकानें शुद्ध रिषभ लावला, म्हणजे २७०. दुपटीचा स्वर निर्माण करणारें सर्किट या दोहोंची बेरीजही निर्माण करतें, ती ५१०. तार सप्तकांतील कोमल रिषभ ५१२ च्या आसपास असतो. म्हणजे भूप ऐकतांना यंत्रानें पदरचा कोमल रिषभ अस्पष्टपणें मिसळला असें झालें. तो ऐकूं येईलच असें नाहीं. पण चार वाद्यें एकत्र वाजत असतां अशा अनेक बेरजा-वजाबाक्या मिळून जो धुरकटपणा येतो तो पुष्कळांनीं अनुभवला असेल. ज्याला तो चालतो त्यानें व्हॉल्व्हचा आनंद खुशाल घ्यावा. मात्र त्याला मूळ गाण्याचें हुबेहूब रूप म्हणूं नये.

आतां दुसरा प्रश्न: झालेली चूक दुरुस्त कशी होते? मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्यानंतर दहाच दिवसांनीं, २ ऑगस्ट १९२७ रोजीं सकाळीं, अमेरिकेंत हॅरोल्ड ब्लॅक नांवाचा एक तरुण इंजिनियर हडसन नदी ओलांडून कामावर चालला होता. दूरच्या टेलिफोनच्या मार्गावर एकामागून एक ॲम्प्लिफायर बसवावे लागत आणि प्रत्येकाची चूक पुढच्यांत मिसळत जाई. या अडचणीनें तो कित्येक वर्षें बेजार झाला होता. नावेंतच त्याला युक्ति सुचली आणि हातांतल्या वर्तमानपत्राच्या पानावर त्यानें तिची आकृति काढली. युक्ति अशी कीं, बाहेर पडणाऱ्या संदेशाचा थोडासा भाग परत आंत आणून मूळ संदेशाशीं ताडून पाहावयाचा, आणि जो फरक पडेल तो उलट बाजूनें पुढें घालावयाचा. शाळेंत वही तपासतांना आपण कित्त्याशीं अक्षर ताडून पाहतों, त्यांतलाच हा प्रकार. मात्र येथें तपासणी अखंड चालते. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात.

घरगुती संगीताला याचा खरा लाभ १९४७ सालीं झाला. त्या वर्षींच्या एप्रिल व मे महिन्यांत 'वायरलेस वर्ल्ड' या इंग्लिश मासिकांत डी. टी. एन्. विल्यमसन यानें आपलें सर्किट प्रसिद्ध केलें. १५ वॅटच्या त्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरांत एकंदर दोष हजारांत एका भागाहून कमी होता. त्याची मेख अशी कीं, त्यानें आधीं मूळ सर्किटच नीट केलें, जड आणि उत्तम असा ट्रान्सफॉर्मर वापरला, आणि मग त्यावर फीडबॅकची तपासणी ठेवली. अक्षर मुळांतच गिचमिड असेल तर तांबड्या शाईचा उपयोग किती होणार?

फीडबॅकनें आवाज मृत होतो, असें एक मत अजून ऐकूं येतें. त्याला थोडा इतिहास आहे. १९७० सालीं फिनलंडच्या मॅट्टी ओटाला यांनीं असें दाखवून दिलें कीं, सर्किट मंद असेल आणि वरून फीडबॅक मात्र पुष्कळ असेल, तर स्वर एकाएकीं उसळल्यावेळीं दुरुस्ती वेळेवर पोंचत नाहीं आणि नवाच दोष उत्पन्न होतो. विद्यार्थी पुढच्या धड्यावर गेल्यावर मागच्या धड्याच्या चुका त्याच्यावर लादाव्या, तसें हें झालें. पण त्याचा इलाज मूळ सर्किट चपळ करणें हा होय, आणि तो इलाज आज सर्वांस ठाऊक आहे. तेव्हां 'फीडबॅक नाहीं' हें जाहिरातींतील वाक्य गुणाचें प्रमाणपत्र म्हणून स्वीकारूं नये.

फीडबॅकचा दुसराही एक लाभ आहे आणि तो गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें फार मोठा आहे. लाउडस्पीकरवर ८ ओहम लिहिलेलें असलें तरी तें निरनिराळ्या स्वरांना निरनिराळें असतें. कोठें ४ पर्यंत उतरतें, तर खर्जांत एखाद्या ठिकाणीं २० च्याही वर चढतें. ॲम्प्लिफायरलाही स्वतःचा थोडा अंतर्गत अडथळा असतो. तो २ ओहम असला, आणि फीडबॅकशिवायच्या एकट्या व्हॉल्व्हच्या रचनेंत तो इतका असूं शकतो, तर काय होतें तें गणितानें पाहा. लाउडस्पीकर ४ ओहम असतो तेथें ६ भागांपैकीं ४ भाग, म्हणजे सुमारें ६७ टक्के दाब त्याला मिळतो. २० ओहम असतो तेथें २२ पैकीं २० भाग, म्हणजे ९१ टक्के. म्हणजे कांहीं स्वर दबले, कांहीं वर आले. पेटीच्या कांहीं पट्ट्या कोणी हलकेच दाबून धराव्या तसें झालें. हाच अंतर्गत अडथळा ०.१ ओहम असेल तर ४ ओहमच्या ठिकाणीं ९७.६ टक्के आणि २० च्या ठिकाणीं ९९.५ टक्के, फरक कानाला कळण्याजोगा उरत नाहीं. या गुणाला डॅम्पिंग फॅक्टर म्हणतात. ८ ओहमला हा आंकडा २० च्या वर असला म्हणजे घरास पुरे. तो हजार आहे म्हणून अधिक पैसे मोजण्याचें कारण नाहीं. लाउडस्पीकरची तारच त्यापूर्वीं आडवी येते.

तिसरा प्रश्न: पाटांत पाणी येतें त्या धरणांत साठा किती? येथें वॅटांचा गोंधळ मिटविला पाहिजे. आपल्या बाजारांत एके काळीं हातांत मावणाऱ्या डब्यांवरही 'पीएमपीओ' या नांवाखालीं शेंकडों आणि हजारों वॅट छापलेले असत. त्या आंकड्याला कांहीं अर्थ नव्हता. अमेरिकेंत असल्या अतिशयोक्तीला आळा घालण्यासाठीं १९७४ सालीं सरकारी नियमच करावा लागला. विचारावयाचें तें असें: दोन्ही बाजू एकाच वेळीं वाजत असतांना, ८ ओहमला, सतत किती वॅट? आणि ४ ओहमला किती? ८ ओहमला ५० आणि ४ ओहमला ८० किंवा ९० असें उत्तर आलें तर ट्रान्सफॉर्मर व साठ्याचे कपॅसिटर भक्कम आहेत असें समजावें. ४ ओहमचा आंकडा छापलाच नसेल तर धरण उथळ असावें अशी शंका घ्यावी.

मग घराला लागतात तरी किती वॅट? साधारण लाउडस्पीकर १ वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबेल आवाज देतो. तुम्ही तीन मीटर दूर बसलां, तरी दोन लाउडस्पीकर आणि खोलीच्या भिंती यांची मदत धरून सुमारें ८२ डेसिबेल पोंचतो. शेजाऱ्यांशीं सलोखा ठेवून ऐकावयाचें तर सरासरी ७५ डेसिबेल पुष्कळ होतो. त्याला एका वॅटचा पांचवा भाग लागतो. गाण्यांत मधेंच स्वर उसळतो, पखवाजाची थाप पडते, तेव्हां सरासरीच्या शंभरपट बळ लागूं शकतें. म्हणजे २० वॅट. बैठकीच्या खोलीला खरोखरीचे ३० ते ५० वॅट पुरतात. ५० चे १०० केले तर फक्त ३ डेसिबेल वाढतात. आवाज दुप्पट वाटण्यास सुमारें दसपट वॅट लागतात. वॅटांमागें धावण्यापेक्षां ९० डेसिबेलचा लाउडस्पीकर घेतला तर तितकेंच काम निम्म्या वॅटांत होतें. श्रोतेहो, या हिशेबांत मुख्य गोष्ट ही कीं, आपलें बहुतेक सगळें ऐकणें एका वॅटाच्या आंतच होतें. म्हणून पहिल्या प्रश्नांतील खुंट्याची देवघेव हीच शेवटीं आपल्या रोजच्या उपयोगाची ठरते.

आतां क्लास डी. येथें दार अर्धवट उघडण्याची भानगडच नाहीं. तें एक तर पुरतें उघडें, नाहीं तर पुरतें बंद. आणि हें उघडझांप सेकंदास कित्येक लाख वेळां चालतें. किती वेळ उघडें आणि किती वेळ बंद, या प्रमाणांत गाणें सांठविलेलें असतें. पुढें तारेचें वेटोळें व कपॅसिटर यांचा एक लहानसा तलाव असतो. त्यांत हे धक्के मिसळून सरळ धार वाहूं लागते. उघड्या दारांत अडथळा नाहीं आणि बंद दारांत प्रवाह नाहीं, म्हणून वीज वाया जात नाहीं. घेतलेल्या विजेपैकीं ९० टक्क्यांपर्यंत कामीं येते. यंत्र लहान, थंड आणि स्वस्त होतें. याच्या नांवांतील 'डी' म्हणजे डिजिटल नव्हे. ए, बी, सी यांच्यापुढचें तें अक्षर, इतकेंच.

याही जातींत बरेंवाईट आहे, आणि तें दुसऱ्या प्रश्नावरून कळतें. स्वस्त रचनेंत फीडबॅकची तपासणी तलावाच्या अलीकडेच संपते. तलावानें केलेली चूक कोणीच पाहत नाहीं, आणि लाउडस्पीकर बदलला कीं वरच्या स्वरांचा तोल बदलतो. चांगल्या रचनेंत तलावानंतरच्या पाण्याची तपासणी होते. फिलिप्स कंपनींत काम करीत असतां ब्रुनो पुट्झेस यांनीं या शतकाच्या आरंभीं अशी रचना यशस्वी करून दाखविली आणि तेव्हांपासून क्लास डी उच्च संगीताच्या पंक्तीला बसला. विक्रेत्यास एवढेंच विचारावें: फीडबॅक फिल्टरच्या पुढून घेतलेला आहे कीं मागून?

या सर्व जातींत कानाला भेद किती कळतो, याचा एक प्रयोग नमूद करण्यासारखा आहे. इंग्लंडांतील क्वाड कंपनीनें १९५३ सालीं व्हॉल्व्हचा, १९६७ सालीं ट्रॅन्झिस्टरचा, आणि १९७५ सालीं अगदीं निराळ्या युक्तीचा ॲम्प्लिफायर काढला. या तिसऱ्यांत लहान पण अचूक असा क्लास ए भाग आणि ओझें वाहणारा बायसरहित मोठा भाग असे दोन भाग असून, मोठ्याची चूक लहान भाग भरून काढतो. १९७८ सालीं जेम्स मॉयर यांनीं अनुभवी श्रोत्यांना, कोणता चालू आहे हें न सांगतां, हे तिन्ही ऐकविले. श्रोत्यांचीं उत्तरें नुसत्या अदमासाहून सरस ठरलीं नाहींत. प्रयोग कंपनीच्या पुढाकारानें झाला होता, हें ध्यानांत ठेवावें. तरी बोध घेण्यासारखा आहे. तिन्ही रचना अगदीं भिन्न, पण तिन्हींनीं तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें नीट दिलेलीं होतीं.

म्हणून माझा सल्ला असा. आधीं लाउडस्पीकर निवडा, मग ॲम्प्लिफायर. साधारण घरानें ३० ते ५० वॅटचा, मोकळ्या पंखांचा, क्लास एबी घ्यावा. किंवा जागा व वीज वाचवावयाची असेल तर फिल्टरनंतर फीडबॅक असलेला क्लास डी घ्यावा. क्लास ए घ्यावयाचा तर खोली लहान, लाउडस्पीकर ९० डेसिबेलच्या वरचा आणि विजेच्या बिलाची तयारी असावी. एकट्या व्हॉल्व्हचा, सात-आठ वॅटचा ॲम्प्लिफायर ९५ डेसिबेलच्या पुढील लाउडस्पीकरशींच शोभतो. शिवाय व्हॉल्व्ह झिजतात, बदलावे लागतात. आणि त्या यंत्रांत ३०० ते ४५० व्होल्टचा दाब असतो, जो बटण बंद केल्यावरही कपॅसिटरांत कांहीं वेळ टिकतो. घरांत लहान मुलें असतील तर त्यावर जाळी हवीच, आणि झांकण उघडण्याचें काम जाणत्या कारागिराचेंच. परदेशांतून कोणी आप्त यंत्र पाठविणार असेल तर तें २३० व्होल्टचें आहे ना, हें आधीं विचारावें. जपानांत १०० आणि अमेरिकेंत १२० व्होल्ट असतात.

शेवटीं ऐकून पाहण्याची रीत. दोन यंत्रें ताडून पाहतांना दोघांचा आवाज सारखा करून घ्या. लाउडस्पीकरच्या टोकांशीं मीटर लावून सुमारें दोन टक्क्यांच्या आंत दाब जुळवावा. कारण जें किंचित् मोठ्यानें वाजतें तें कानाला सरस वाटतें, आणि हें कांहीं विक्रेत्यांना चांगलें ठाऊक असतें. कोणतें यंत्र चालू आहे हें दुसऱ्यानें पाहावें, आपण पाहूं नये. ढोलताशांची तबकडी लावूं नये. तानपुऱ्याच्या साथीचें, संथ आलापीचें, ओळखीचें गायन लावावें आणि आवाज अगदीं हळू ठेवावा, इतका कीं शेजारच्या खोलींत तो जाऊं नये. स्वर विरतांना शेवटपर्यंत गुळगुळीत राहतो कीं शेवटीं खरखरतो, तें कान देऊन ऐकावें. मग गाणें थांबवून लाउडस्पीकरजवळ कान न्यावा. गुणगुण किंवा सूं-सूं येतां कामा नये.

अब्दुल करीमखाँसाहेबांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ज्यांनीं ऐकल्या असतील त्यांना ठाऊक आहे कीं, त्या गाण्याचें मर्म जोरांत नसून स्वराच्या बारीक काठावर आहे. पुष्कळ घरांत असा ठेवा वडिलांनीं जपून पुढच्या पिढीच्या हातीं दिलेला असतो. तो काठ ज्या यंत्रांत शाबूत राहतो, तें यंत्र आपलें. मग त्याच्यावर ए लिहिलेलें असो, एबी असो कीं डी असो. तीन प्रश्न विचारा, हळू आवाजांत ऐका, आणि उरलेले पैसे चांगल्या ध्वनिमुद्रिकांवर खर्च करा.